ऑफिसातले कंपू आणि कुठेही न लिहिलेले नियम

धागाकर्ती: आडवाट

नोकरीच्या पहिल्या दिवशी हातात जे कागद पडतात त्यांत कामाची वेळ, रजा, वरिष्ठ कोण, तक्रार कुणाकडे करायची हे सगळं असतं. वेळ संपल्यावरही किती वेळ खुर्ची सोडायची नाही, बैठकीत कुणाचं बोलणं खोडायचं नाही, कुणाची चूक सांभाळून घ्यायची आणि कुणाची चारचौघांत काढायची, हे मात्र त्यांत नसतं. तरी दोन-तीन महिन्यांत नव्या माणसाला ते तोंडपाठ झालेलं असतं. जेवणाच्या टेबलावरचं हसू, कुणी निघाल्यावर इतरांचं घड्याळाकडे बघणं, एखाद्या प्रश्नानंतर पसरलेली शांतता, एवढ्यावर शिक्षण पूर्ण होतं.

मी एका छोट्या विभागाची प्रमुख आहे. माणसं चांगली आहेत, एकोपा आहे, अडल्यानडल्याला एकमेकांची कामं ओढतात. पण तीन गोष्टी खटकतात. एक, कुठल्याही कामाला किती दिवस लागतील असं विचारलं की पहिला जो आकडा येतो त्याच्या अवतीभवतीच सगळ्यांचे आकडे पडतात. दोन, संध्याकाळी काम नसलं तरी कुणी उठत नाही. तीन, नव्याने आलेली एक मुलगी काम भराभर उरकायची. तिला ‘वरिष्ठांची लाडकी’ म्हणून चिडवणं सुरू झालं आणि आता तिचा वेग बरोबर बाकीच्यांइतका झालाय. कुणी तिला दमदाटी केली नाही, तिनेही तक्रार केली नाही.

कंपू असणारच हे मला मान्य आहे. प्रश्न असा की प्रमुखाने त्याचं करायचं काय? फोडायचा, वापरून घ्यायचा की तिकडे बघायचंच नाही? अनुभव आणि वाचन दोन्ही लिहा. प्रशिक्षण शिबिरातली गुळगुळीत वाक्यं मात्र नकोत, ती माझ्याकडे भरपूर आहेत.

---

निरुपद्रवी

वाचतोय. खूण साठवली आहे.

आमच्याकडे दोन कंपू आहेत. एक साहेबांचा, दुसरा साहेबांविरुद्धचा. दोघांनाही मी दुसऱ्या कंपूतला वाटतो. ह. घ्या. (हलके घ्या.)

---

जुना_फिटर

ताई, तिसऱ्या मुद्द्यावर लिहितो. माझी हयात यंत्रांपाशी गेली, ऑफिसातलं मला फार कळत नाही. पण त्या मुलीचं जे झालं ते मी इतक्यांदा पाहिलंय की पुढची पायरीही सांगू शकतो.

आधी चेष्टा. चेष्टेने भागलं नाही तर टोमणे. मग अबोला. अबोलाही पुरला नाही तर त्या माणसाचं हत्यार जागेवर सापडत नाही, त्याला लागणारा माल उशिरा येतो, त्याच्या पाळीला यंत्र नेमकं न पुसलेलं मिळतं. आणि कुणी काहीही केलेलं नसतं! साहेब चौकशीला आले तर सगळे खरोखरच निरागस.

पण दुसरी बाजूही ऐका. नगावर मजुरी असते तिथे एकाने जास्त नग काढले की वरच्याला वाटतं हे तर सहज जमतंय. महिन्याभरात तोच आकडा सगळ्यांच्या डोक्यावर बसतो किंवा नगाचा दर उतरतो. जोरात काम करणारा विशीतला असतो, शेजारी पन्नाशीचा गुडघे धरून उभा असतो. त्या पन्नाशीवाल्याला सांभाळायला केलेला नियम आहे तो. कागदावर येऊ शकत नाही म्हणून चेष्टेतून चालवतात. तुम्हाला तो आळस दिसतो, आम्हाला तो विमा वाटायचा.

तेव्हा मुलीला वाचवायला जाण्याआधी हे बघा, की तुमच्याकडे लवकर काम संपवणाऱ्याला मिळतं काय? आणखी काम मिळत असेल, तर तिला चिडवणारे तिचं भलंच करतायत म्हणा.

---

पानगळ

शेवटच्या ओळीसाठी फिटरकाकांना अनुमोदन. लवकर संपवणाऱ्याला बक्षीस म्हणून दुसऱ्याचं उरलेलं काम, हे सगळीकडे सारखंच.

---

तळटीप

जुना_फिटर यांनी जे लिहिलंय ते जवळपास शब्दशः नोंदवलं गेलंय, तेही नव्वदेक वर्षांपूर्वी. अमेरिकेत शिकागोजवळ सिसेरोला वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. प्रकाश आणि विश्रांती कमीजास्त केली की उत्पादनावर काय परिणाम होतो हे बघणाऱ्या तिथल्या प्रयोगांबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं. या धाग्याला लागू पडतो तो शेवटचा आणि त्या मानाने कमी गाजलेला भाग. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात चौदा पुरुष कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसवून एक निरीक्षक त्यांच्यात नुसता बसून राहिला. ९ जण टेलिफोन एक्स्चेंजच्या भागांची वायरिंग करणारे, ३ सोल्डरिंगवाले, २ तपासनीस.

मजुरी गटाच्या एकूण उत्पादनावर ठरायची. म्हणजे हिशेबाने सगळ्यांनी एकमेकांना पळवायला हवं होतं. झालं उलटं. कंपनीच्या मोजमापाप्रमाणे दिवसाला तारांचे ७,३१२ जोड अपेक्षित होते. या मंडळींनी मात्र ‘दिवसाचं रास्त काम’ म्हणून आपसात दोन पूर्ण संच ठरवले होते, म्हणजे साधारण ६,००० ते ६,६०० जोड. ते झाले की हात सैल. कुणी पुढे गेला तर त्याच्या दंडावर एक गुद्दा बसायचा. खेळीमेळीतला, पण बसायचा. फार कमी करणाऱ्यालाही ऐकून घ्यावं लागायचं, कारण तो दुसऱ्यांच्या जिवावर जगतो. साहेबाकडे चुगली करायची नाही. आणि तपासनीस असलात तरी तपासनिसाचा रुबाब दाखवायचा नाही. एखाद्या दिवशी जास्त झालं तर थोडं लपवून कमी दिवसाच्या खात्यात टाकायचं, म्हणजे आलेख कसा सपाट दिसतो. नियमाविरुद्ध आपसात कामं बदलून घेणं चालायचं आणि तिथला मुकादम ते बघून न बघितल्यासारखं करायचा.

मला त्यातला सगळ्यात बोलका तपशील हा वाटतो: सर्वांत कमी काम काढणारा कामगार बुद्धीच्या चाचणीत पहिला आणि हाताच्या कसबात तिसरा आला होता. कौशल्य आणि उत्पादन यांचा मेळच लागेना. त्या एका खोलीतही पुढच्या बाजूचा एक कंपू आणि मागच्या बाजूचा दुसरा, आणि कोण किती काम काढतो हे तो कुठल्या कंपूत आहे यावरून जास्त कळायचं.

पण फिटरकाका, एका गोष्टीत तुमच्याशी वाद घालतो. त्या लोकांना दर उतरण्याची भीती होती, मात्र त्यांच्यापैकी कुणी तसा अनुभव घेतल्याचं संशोधकांना आढळलं नाही. विमा होता, आग लागलेली कुणी पाहिली नव्हती.

---

जुना_फिटर

१९३१ साल म्हणताय ना? मंदी होती तेव्हा. काम संपलं की माणसं घरी पाठवत होते. त्यांनी दोनऐवजी तीन संच काढले असते तर काम आणखी लवकर संपलं असतं. आग शेजारच्या घराला लागली की आपण पाणी भरून ठेवतोच.

---

तळटीप

हे मान्य. ती खोलीही शेवटी काम नाही म्हणूनच बंद झाली.

---

तर्कट

हॉथॉर्नचं नाव निघालं की माझा हात शिवशिवतो.

याच कारखान्यातल्या रिले (टेलिफोनमधले विजेचे स्विच) जोडणाऱ्या स्त्रियांच्या प्रयोगावरून ‘आपुलकीने वागवलं की उत्पादन वाढतं’ ही कथा जगभर विकली गेली. त्या पाचजणींपैकी दोघींना जानेवारी १९२८ मध्ये फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून खोलीतून काढलं आणि त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या, हे कथेत हळू आवाजात सांगितलं जातं. अ‍ॅलेक्स केरी यांनी १९६७ मध्ये यावर सडकून टीका केली होती. म्हणजे गट ‘जुळून आला’, तो न जुळणाऱ्यांना बाहेर काढून! तुमच्या-माझ्या ऑफिसातला एकोपा कितीदा असाच तयार झालेला असतो हे बघा.

चौदा माणसांच्या एका खोलीवरून अख्ख्या मानवजातीचा निष्कर्ष काढू नये एवढंच.

---

तळटीप

काढतच नाहीये. पण वायरिंगच्या खोलीत कुणी काही बदलत नव्हतं, नुसतं बघत होतं. म्हणून त्यावर माझा जास्त विश्वास. आणि काढून टाकलेल्या दोघींचा मुद्दा फार मोलाचा आहे, तो कुणीतरी पुढे न्या.

---

कोपऱ्यातलं टेबल

मी पुढे नेते, स्वतःवरूनच.

एका जुन्या नोकरीत मी ‘न जुळणारी’ होते. भांडण काहीच नाही. एका कामाच्या पद्धतीवर मी शंका घेतली. पहिल्या आठवड्यात सगळे मला समजवायला यायचे. एकेक जण, अगदी प्रेमाने. मला वाटलं, वा, किती मोकळं वातावरण! मग एक दिवस समजावणं थांबलं. त्यानंतर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं. माझ्याकडे येणारी माहिती आटली. बैठकीची वेळ बदललेली मला शेवटी कळायची. आणि दर वेळी मनापासून ‘अरे, तुला सांगायचं राहिलंच का?’

हे अजून कुणी अनुभवलंय का, की आधी जास्त बोलतात आणि मग एकदम बोलायचेच बंद होतात?

---

तळटीप

तुम्ही जे लिहिलंत ते मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली शाख्टर यांनी १९५१ मध्ये प्रयोगात पकडलं होतं. गटांमध्ये तीन माणसं आधीच पढवून बसवली. एक सगळ्यांच्या मताचा, दुसरा सुरुवातीला विरोधी पण हळूहळू वळणारा, तिसरा शेवटपर्यंत विरोधी. सुरुवातीला सगळ्यांचं बोलणं त्या तिसऱ्याकडे वळतं. त्याला आपल्या बाजूला आणायचा जोराचा प्रयत्न होतो. मग ज्यांनी त्याच्यावर मनातून फुली मारली, त्यांचं त्याच्याशी बोलणं घटतं. शेवटी कामं वाटताना त्याच्या वाट्याला कंटाळवाणी कामं येतात. वळलेल्याला मात्र गटाने आपलं मानलेलं असतं.

तेव्हा प्रमुखाने भांडणाची काळजी करू नये. कुणाशी तरी वाद घालायचं सगळ्यांनी एकाएकी सोडून दिलं, तर तिकडे बघावं.

---

निरुपद्रवी

म्हणजे बायको वाद घालायची थांबली तर…

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

---

पानगळ

मी रुग्णालयात काम करते. कंपूबद्दल इतकं वाईट ऐकल्यावर थोडं उलटं लिहावंसं वाटलं.

आमच्या वॉर्डात हात धुण्याचा नियम भिंतीवर लावलेला आहे. भिंतीकडे कुणी बघत नाही. पण आमच्या पाळीतल्या बायकांनी तो आपला मानलाय. कुणी विसरलं तर जी जवळ असेल ती नुसती बाटलीकडे बोट दाखवते. मोठे डॉक्टर असले तरी. नवी नर्स आली की दोन दिवसांत तिला कळतं की इथे असं केलं नाही तर चालत नाही. दुसऱ्या एका वॉर्डात तोच कागद, तीच भिंत, पण तिथे बोट दाखवणाऱ्या नर्सला ‘फार शहाणी’ म्हणतात. दोन्हीकडे गटाचा दबावच आहे. दोन्हीकडे नवी माणसं बाकीच्यांसारखीच वागतात.

शिवाय रात्रपाळीत कुणाचं मूल आजारी पडलं तर तिची पाळी कोण घेणार हे कुठल्याही अधिकृत तक्त्यातून ठरत नाही. तो तक्ता अक्षरशः पाळायचा ठरवला तर वॉर्ड बंद पडेल.

---

तर्कट

पानगळ, धाग्यातला आत्तापर्यंतचा सर्वांत कामाचा प्रतिसाद.

याला आकड्यांचा आधारही आहे. स्टॅन्ली सीशोर यांनी १९५४ मध्ये अवजड यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीतले २२८ गट तपासले. एकोपा जास्त असलेल्या गटांत माणसामाणसाच्या उत्पादनातला फरक कमी होता, सगळे एका पातळीवर. पण ती पातळी वर असेल की खाली हे एकोप्यावरून ठरत नव्हतं. कंपनी आपल्या बाजूची आहे असं वाटणारे एकजुटीचे गट वर होते, तसं न वाटणारे एकजुटीचे गट खाली.

म्हणून ‘टीम बांधणी’च्या सहलींवर माझा राग आहे. एकोपा वाढवून आणता, आणि विश्वास नसेल तर तोच एकोपा तुमच्याविरुद्ध जास्त नेमाने काम करतो.

---

शून्यमनस्क

संध्याकाळी बसून राहण्याबद्दल. आमच्या गटात एकदा दोघातिघांशी वेगवेगळं बोलताना लक्षात आलं की प्रत्येकाला निघायचं असतं आणि प्रत्येकाला वाटतं की बाकीचे कामात गढलेत. बाकीचे मला बघून बसलेले आणि मी त्यांना बघून.

मानसशास्त्रात याचा अभ्यास विद्यार्थ्यांच्या दारू पिण्यावर झालाय. प्रेंटिस आणि मिलर यांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात दाखवलं की सरासरीने विद्यार्थी स्वतःला इतरांपेक्षा त्या पिण्याबद्दल जास्त अस्वस्थ समजत होते. सगळेच जर इतरांपेक्षा जास्त अस्वस्थ असतील तर ‘इतर’ म्हणजे कोण उरलं?

अशा ठिकाणी कंपू नसतोच खरं तर. कंपू आहे असा समज असतो आणि काम तो समजच करून जातो.

---

आडवाट

शून्यमनस्क, हे डोक्यात बसलं. पण मग मी ‘वेळेवर जा’ म्हटलं तरी कुणी जात नाही ते का? दोनदा सांगून झालंय.

---

शून्यमनस्क

तुम्ही स्वतः किती वाजता निघता?

---

आडवाट

:) समजलं.

---

घरूनच

आम्ही सगळे घरून काम करतो, तेव्हा कंपू संपले असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. बैठक चालू असते तेव्हा तिच्या पोटात आणखी तीन बैठका चालू असतात, वेगवेगळ्या खाजगी ग्रुपवर. वर सगळे गंभीर चेहरे, खाली ‘हा आता परत तेच बोलणार बघ’. ऑफिसात निदान कोण कुणाबरोबर जेवायला बसतं ते दिसायचं. आता तेही दिसत नाही. कुठल्या ग्रुपमध्ये आपण नाही हेच कळत नाही तर त्यात यायला धडपडणार कसे?

आणि सारखेपणा? कुणीतरी वरिष्ठाच्या संदेशाला अंगठा दाखवला की पाच मिनिटांत अंगठ्यांची रांग. त्यानंतर शंका लिहायची म्हणजे त्या सगळ्या अंगठ्यांच्या विरोधात लिहायचं.

---

प्रश्नचिन्ह

एवढी चर्चा वाचून उपाय तर सरळ दिसतोय. गटाला इतकी ताकद आहे तर वरिष्ठ काढून टाका, गटाला स्वतःच नियम ठरवू द्या. आपले नियम आपण केले की जाच कसला?

---

तळटीप

जेम्स बार्कर यांचा १९९३ चा अभ्यास नेमका यावर आहे. एका कंपनीने मुकादम काढून स्वयंशासित गट केले. लोक खूश. गटांनी आपसात मूल्यं ठरवली, हळूहळू त्यांचे काटेकोर नियम झाले, कोण कधी आलं याच्या नोंदी होऊ लागल्या. साहेबाची नजर चुकवता यायची, आता तर चहूबाजूंनी सहकारीच बघतायत. पूर्वी साहेबाला नावं ठेवून मोकळं होता यायचं, तीही सोय गेली.

---

जुना_फिटर

हे मी छापून घरी लावणार आहे.

---

तर्कट

आता त्या पहिल्या आकड्याबद्दल, कारण त्याचं उत्तर खरंच देता येण्याजोगं आहे आणि सगळे त्याला टाळून पुढे गेले.

सॉलोमन अ‍ॅश यांचा रेषांचा प्रयोग बहुतेकांना माहीत असेल. एक रेषा दाखवायची, शेजारच्या तिघींपैकी तिच्याएवढी कोणती ते मोठ्याने सांगायचं. खोलीतले बाकीचे सगळे पढवलेले, ते १८ पैकी १२ वेळा एकमुखाने चुकीचं सांगतात. त्या १२ फेऱ्यांमधली साधारण एक तृतीयांशाहून थोडी जास्त उत्तरं गटाबरोबर वाहून गेली. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी वाहिले. हे सगळे सांगतात. सांगत नाहीत ते हे, की जवळपास दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती आणि सुमारे पाव लोक एकदाही ढळले नाहीत. पेरीन आणि स्पेन्सर यांनी १९८० मध्ये ब्रिटनमधल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला तेव्हा ३९६ फेऱ्यांत एकदाच कुणीतरी गटाबरोबर गेलं. तेव्हा ‘माणूस मेंढरू आहे’ हे वाक्य कृपया कुणी लिहू नका.

आडवाट, तुमच्या कामाचं पुढे आहे. अ‍ॅश यांनी गटात एकच माणूस असा ठेवला जो खरं उत्तर देतो. वाहून जाणारी उत्तरं एकदम घटली, मूळच्या साधारण पाव हिश्श्यावर आली. त्या एकाने दुसरंच चुकीचं उत्तर दिलं तरी दबाव सैल होत होता. म्हणजे त्याने बरोबर असणंही गरजेचं नाही, एकमत फुटलं की पुरतं. तो साथीदार मधेच बहुमताकडे वळला तर मात्र माणूस पुन्हा एकटा पडायचा आणि वाहून जायचा. आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं की दबाव बराच कमी व्हायचा.

त्यामुळे आकडे विचारू नका, लिहून घ्या. सगळ्यांचे कागद आल्यावरच बोलायला सुरुवात करा. धाडसाची शिकवण द्यायची गरज नाही, बोलायच्या आधी लिहायचा एक नियम पुरे.

---

कोपऱ्यातलं टेबल

+१. माझ्या त्या नोकरीत एकजण नंतर जिन्यात भेटून म्हणाला, ‘तुझं बरोबर होतं गं.’ जिन्यात! बैठकीत एक वाक्य बोलला असता तर कदाचित मी आज तिथेच असते.

---

प्रश्नचिन्ह

कोपऱ्यातलं टेबल, तुम्ही नव्या होतात ना तिथे? आमचे एक वरिष्ठ सांगायचे, आधी पाय रोवा, मग तोंड उघडा.

---

तळटीप

एडविन हॉलंडर यांनी १९५८ मध्ये साधारण हेच मांडलं. गटाच्या रीती पाळून आणि कामाला येऊन माणूस पत जमवतो आणि मग वेगळं वागण्यासाठी ती खर्च करतो.

---

कोपऱ्यातलं टेबल

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण पाय रोवेपर्यंत खटकणाऱ्या गोष्टी खटकायच्या थांबतात. मी तिथे नवी होते म्हणून मला ती पद्धत दिसली. पाच वर्षं पत जमवणाऱ्यांना ती दिसतच नव्हती.

शिवाय पत सगळ्यांना सारख्या भावाने मिळत नाही. कंपूसारखा दिसणारा, त्यांच्यासारखं बोलणारा माणूस पहिल्याच दिवशी भरल्या खिशाने येतो.

---

तर्कट

कोपऱ्यातलं टेबल यांच्याशी सहमत. जेकब्ज आणि कॅम्पबेल यांनी १९६१ मध्ये दाखवलंय की गटात मुद्दाम पेरलेली चुकीची समजूत, पेरणारे सगळे निघून गेल्यावरही माणसांच्या काही पिढ्या टिकते. एकेक जुना जातो, एकेक नवा येतो, समजूत आपली चालू. मग हळूहळू विरते. ‘आपल्याकडे पूर्वीपासून असंच आहे’ म्हणणाऱ्यांपैकी पूर्वी कुणीच तिथे नसतं.

मॉस्कोव्हिसी यांचा १९६९ चा प्रयोगही आहे, रंग ओळखायला दाखवलेल्या निळ्या पारदर्शिकांना (स्लाइडना) ठामपणे हिरवं म्हणणाऱ्या दोघा पढवलेल्यांचा. सहाजणांत ते दोघं न डगमगता तेच म्हणत राहिले तर इतरांची सुमारे ८ टक्के उत्तरं हिरवी झाली. मधूनमधून डगमगले तर परिणाम जवळपास शून्य. म्हणजे अल्पमताला पत नसली तरी चालतं, पण बोलणं एकच हवं आणि दोघं हवेत.

---

जुना_फिटर

ताईंची ती मुलगी राहूनच गेली या सगळ्यात.

---

तळटीप

तिच्यासारखी एक नोंद आहे. हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कंपनीतला कोच आणि फ्रेंच यांचा अभ्यास, १९४८. इस्त्री करणारी एक कामगार गटापेक्षा पुढे जाऊ लागली, गट तिच्यामागे लागला, तिचं काम पुन्हा गटाच्या पातळीवर उतरलं. पुढे काही कारणाने बाकीच्यांना दुसरीकडे हलवलं, ती एकटीच उरली. थोड्याच दिवसांत तिचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं.

---

पानगळ

म्हणून तिला वेगळ्या खोलीत बसवायचं? ती वेगात काम करेल, पण जेवायला कुणाबरोबर बसेल? आडवाट, तिला हलवू नका. नुसती तिची स्तुतीही चारचौघांत करू नका, त्याने तर ‘लाडकी’वर शिक्काच बसेल.

---

जुना_फिटर

पानगळताईंचं बरोबर आहे. मी एक मुकादम पाहिलाय. त्याने जोरात काम करणाऱ्या पोराला वाहवा दिली नाही की जास्तीचं कामही दिलं नाही. कंपूत ज्याचा शब्द चालायचा त्या जुन्या माणसाला बोलावलं आणि सांगितलं, याने लवकर संपवलं तर उरलेला वेळ याचा, तुमचा आकडा मी वाढवणार नाही. मग ते त्याने वर्षभर पाळलं. चेष्टा आपोआप गेली. कंपू फोडला नाही, नुसतं भ्यायचं कारण काढून घेतलं. पण आकडा खरंच वाढवायचा नाही हं! एकदा वाढवलात की पुढची दहा वर्षं कुणी ऐकणार नाही.

---

आडवाट

सगळ्यांचे आभार. पुढच्या सोमवारपासून अंदाज कागदावर घेणार आहे. वरून येणाऱ्या मागणीवर माझा पूर्ण ताबा नाही, त्यामुळे फिटरकाकांच्या मुकादमासारखं वर्षाचं वचन देता येणार नाही. तीन महिन्यांचं देता येईल, तेवढं देते. ज्याचा शब्द चालतो तो माणूस मला माहीत आहे, आणि पहिला आकडा बहुतेक वेळा त्याचाच असतो.

---

तर्कट

मग दोन काळज्या घ्या. कागदांवर नावं नकोत, आणि छोट्या गटात अक्षर ओळखू येतं म्हणून नुसता आकडा लिहायला सांगा. दुसरं, आकडे फळ्यावर तुम्ही स्वतः मांडा, पण सरासरी काढून मोकळ्या होऊ नका. सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा का आला असेल हे सगळ्यांना विचारा, ‘हा कुणाचा?’ असं न विचारता.

---

घरूनच

आणि तुमचा स्वतःचा आकडा?

---

तर्कट

तो लिहायचाच नाही.